राळेचा वास

केंद्रात तिला सगळे नाकशास्त्री म्हणत. तिच्या तोंडावरही म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. संशोधन केंद्रातलं तिचं पद ‘क्षेत्र सहायक’ होतं. म्हणजे पाइनच्या झाडांतून हिंडायचं, सालीचे तुकडे आणि राळेचे थेंब काचेच्या नळ्यांत भरायचे, नळीवर झाडाचा नंबर चिकटवायचा. दहावीला दोनदा गचकलेल्या बाईला याहून मोठं पद मिळणार नव्हतं. पण सव्वीस वर्षांपूर्वी एका हिरव्यागार, धडधाकट झाडापाशी ती थबकली आणि म्हणाली, “हे आजारी आहे.” तेव्हाचे साहेब हसले. सहा आठवड्यांनी झाड शेंड्यापासून बुडापर्यंत लाल पडलं आणि साहेबांचं हसणं बंद झालं.

पाइनला पोखरणारा भुंगेरा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तो सालीला भोक पाडतो आणि झाड त्या भोकातून राळ ओततं. राळ चिकट आणि विषारी असते, भुंगेरा तिच्यात बुडून मरतो. पण झाड तहानलेलं असेल तर राळ पुरत नाही. मग भुंगेरा आत शिरतो आणि अंगावरून एक निळी बुरशी घेऊन शिरतो. ती झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद करते. आणखी एक गोष्ट केंद्रातल्या डॉक्टर नव्या माणसाला नेहमी सांगत. त्या झाडांच्या रोगांच्या डॉक्टर होत्या, वयाने नाकशास्त्रीहून पंधरा वर्षांनी लहान. त्या म्हणत, “भुंगेरा ती राळच पचवतो आणि तिच्यातून असा वास तयार करतो की आसपासचे हजारो भुंगेरे धावत येतात. हत्यार झाडाचं, आणि त्याच हत्याराचा भोंगा करून हा दरोडेखोर टोळी बोलावतो.”

तो भोंगा नाकशास्त्रीला ऐकू येई, म्हणजे नाकाने. निरोगी झाडाचा वास तिला धारदार वाटे, नुकत्याच पाजळलेल्या विळीसारखा. लागलेल्या झाडाचा वास गोडसर आणि जड होई, त्यात कुठेतरी बंद तळघराची ओल असे. झाड हिरवं असताना ते ओळखलं तर पाडून, साल सोलून आतली पिल्लावळ मारता येई. लाल पडल्यावर ओळखून काही फायदा नसे, पाखरं उडून गेलेली असत.

नवराही तिला याच जंगलात भेटला. तो राळ गोळा करणाऱ्या टोळीचा मुकादम होता. झाडाला खाच पाडायची, खाली वाटी अडकवायची, आठवड्याने भरलेली वाटी काढायची. एका झाडाला त्याच्या माणसाने एक खाच जास्त पाडलेली बघून ती मुकादमाच्याच अंगावर धावून गेली होती.

“तुमच्यामुळे झाड घाबरलंय.”

“झाडं घाबरतात?”

“वास घेऊन बघा.”

त्याने खरंच वाकून, डोळे मिटून वास घेतला. “मला तर माझाच येतोय,” तो म्हणाला.

लग्नानंतर बावीस वर्षं तो संध्याकाळी घरी आला की तो दारात दिसायच्या आधी तिला कळे. राळ, घाम, लोखंडाचा गंज आणि तंबाखूची चिमूट. तीन वर्षांपूर्वी तो भर दुपारी उतारावरच्या एका झाडाला टेकून बसला. टोळीतल्या माणसांना वाटलं मुकादमाला डुलकी लागली. त्यांनी त्याला अर्धा तास उठवलं नाही. उठवूनही उपयोग नव्हता, असं दवाखान्यात सांगितलं.

त्याचं जाकीट तिने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलं होतं. फक्त रविवारी, सासूबाई आंघोळीला गेल्या की ती पिशवी सोडायची, एकच श्वास घ्यायची आणि पुन्हा घट्ट गाठ मारायची. जास्त घेतला तर संपेल अशी धास्ती वाटायची. लोणच्याची बरणी पुरवून पुरवून खावी तसा तिने तो वास तीन वर्षं पुरवला होता.

त्या वर्षी थंडीच्या शेवटी तिला ताप आला. आठ दिवस अंथरुणात काढले. नवव्या दिवशी रविवार होता. तिने पिशवी सोडली, तोंड आत घातलं, आणि काहीच आलं नाही.

संपला, असं तिच्या मनात आलं. ती तशीच स्वयंपाकघरात गेली, कांदा फोडला, नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं पण वास आला नाही. फिनेलच्या बाटलीचं बूच उघडलं. आगकाडी ओढून विझवली. काही नाही. म्हणजे जाकिटातलं संपलं नव्हतं, तिचंच संपलं होतं. या विचाराने आधी तिला हायसं वाटलं, आणि मग ओट्याला धरून ती हमसून हमसून रडली.

तिने कोणालाच सांगितलं नाही. सर्दी आहे, जाईल, असं स्वतःला बजावत ती कामावर रुजू झाली. चार दिवसांनी तिने दूध तापत ठेवलं आणि तिथेच खिडकीपाशी उभी राहिली. सासूबाई काठी टेकत आतल्या खोलीतून आल्या तेव्हा भांडं काळं ठिक्कर पडलं होतं.

“अगं, नाक काय कामावर ठेवून आलीस?”

“विचारात होते, आई.”

सासूबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि खिडकी उघडली.

भुंगेऱ्यांचा हंगाम सुरू होऊन महिना उलटला. आदल्या वर्षी पाऊस बेताचाच झालेला, झाडं तहानलेली होती. डॉक्टर म्हणाल्या, “ताई, या वर्षी सगळी भिस्त तुमच्यावर. सात नंबरचा पट्टा आधी बघा.”

नाकशास्त्री सात नंबरच्या पट्ट्यात गेली. सवयीने ती प्रत्येक झाडापाशी थांबे, नाक सालीला लावे, डोळे मिटे. बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. मग ती डोळे उघडून झाडाच्या बुडाशी भुसा पडलाय का ते शोधी, कारण भुंगेरा आत शिरताना बारीक भुसा बाहेर टाकतो. पण दोन दिवसांपूर्वी अवकाळी सर आली होती आणि भुसा होता तो वाहून गेला होता. रिकाम्या हाताने परत जायचं धाडस तिला झालं नाही. ज्यांच्यावर राळेचे चार थेंब जास्त दिसले अशा नऊ झाडांना तिने लाल फिती बांधल्या. पट्ट्यातल्या आटलेल्या ओढ्याकाठच्या झाडांवर थेंबच नव्हते, तिथे तिने ‘ठीक’ असं लिहिलं. थेंब नव्हते कारण त्या झाडांकडे लढायला राळच उरली नव्हती. हे तिला एरवी झोपेतही कळलं असतं.

करवतवाल्याने नऊ झाडं पाडली. तो तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. ती त्याला भावजी म्हणे. पाडलेल्या खोडांच्या साली तो सोलू लागला. पहिल्या झाडाचं लाकूड आतून पांढरंस्वच्छ निघालं. दुसऱ्याचंही. नवांपैकी सात झाडं कोरी निघाली.

“वहिनी, ही तर ठणठणीत होती.”

“आत शिरले नसतील अजून.”

“मग तुम्हाला वास कशाचा आला?”

तिने नळ्यांची पेटी उचलली आणि चालू लागली. संध्याकाळी तिने कार्यालयातली नोंदवही चाळली. करवतवाल्याने आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, ‘नऊच्या नऊ लागलेली.’ दोस्ताच्या बायकोची लाज राखायला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहून बसला होता. तिला ते वाचून जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

साडेतीन आठवड्यांनी ओढ्याकाठची साठ झाडं एका दमात लाल पडली.

डॉक्टर साली सोलून बघत दिवसभर तिथेच बसल्या. भुंगेऱ्यांची भुयारं होती, निळी बुरशी होती, सगळं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाकशास्त्रीला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर बुरशी लागलेल्या लाकडाच्या चकत्यांची रास होती आणि डॉक्टरांचे डोळे जागरणाने तांबारले होते.

“ताई, तुम्ही गेलात तेव्हा झाडं चांगली होती. तुमचं नाक चुकत नाही, हे मी इथे आल्यापासून बघतेय. म्हणजे भुंगेरे तुमच्यानंतर आले. म्हणजे या बुरशीने तीन आठवड्यांत झाड मारलं! एरवी तिला दोन-तीन महिने लागतात. ही नवी जात असणार, जास्त जहाल. मी मुख्यालयाला पत्र लिहिलंय. आजूबाजूची चारशे झाडं तोडून मोकळा पट्टा करायला लागेल.”

“चारशे? चांगली झाडं?”

“दुसरा इलाज नाही. सोमवारपासून तोडायला घेऊ.”

नाकशास्त्री दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. मग परत फिरली.

“मॅडम, पत्र पाठवू नका. बुरशी जुनीच आहे.”

“कशावरून?”

“मला वास येत नाही.” डॉक्टरांना ते कळलं नाही असं दिसल्यावर ती पुन्हा म्हणाली, “कशाचाच येत नाही. ताप आला तेव्हापासून. ती झाडं मी बघायला गेले तेव्हाच लागलेली असणार. मी नुसतं नाक लावून उभी होते. आणि नऊपैकी सात कोरी निघाली. भावजींनी माझ्यासाठी खोटं लिहिलं, त्यांना काही बोलू नका.”

डॉक्टरांनी समोरच्या चकत्या बाजूला सारल्या.

“किती दिवस झाले?”

“अडीच महिने.”

“अडीच महिने! आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

“नाक गेल्यावर मी कोण, मॅडम? नळ्यांवर नंबर चिकटवायला कोणीही मिळेल.”

डॉक्टरांनी तिची समजूत घातली नाही. “साठ झाडं गेली, ताई,” एवढंच म्हणाल्या. मग पत्र उचलून त्याचे चार तुकडे केले आणि तिला दोन दिवस घरी बसायला सांगितलं.

ती घरी आली तेव्हा सासूबाई उन्हात बसून शेंगा सोलत होत्या. तिने पायरीवरच बसून सगळं सांगून टाकलं.

“दूध जळलं तेव्हाच कळलं मला,” सासूबाई म्हणाल्या. “तू खोटं बोलायला कच्ची. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.”

“आई, आणखी एक आहे.” तिने मान खाली घातली. “ह्यांचं जाकीट मी धुतलं नाही. कपाटात ठेवलंय. दर रविवारी...”

“ठाऊक आहे. रविवारी तू, बुधवारी मी.”

“काय?”

“बुधवारी तू बाजाराला जातेस ना. गाठ तुझ्यासारखी मारायला आधी जमत नव्हती, मग जमली.” सासूबाईंनी शेंगेचं टरफल टाकलं. “माझ्या पोटचा होता गं तो. तुझ्या आधी मला त्याचा वास ठाऊक होता.”

दोघी थोड्या हसल्या. मग सुनेने आत जाऊन पिशवी आणली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

“आई, अजून येतो का, ते सांगा. खरं सांगा.”

सासूबाईंनी गाठ सोडली. चेहरा आत घालून त्यांनी सावकाश श्वास घेतला.

“राळेचा येतो. भरपूर येतो,” त्या म्हणाल्या. “तंबाखू जरा जरा.”

“आणि घाम?”

“कॉलरपाशी. थोडा. अगदी थोडा.” त्यांनी पुन्हा हुंगलं. “उन्हातून आल्यासारखा आहे. पाणी मागायच्या आधी उभा राहायचा ना दारात, तसा.”

सून डोळे मिटून ऐकत होती. सासूबाई एकेक सांगत गेल्या. त्यानंतर दर रविवारी असंच व्हायला लागलं. सासूबाई वास घ्यायच्या आणि ही ऐकायची. पण ऐकून पोट भरत नव्हतं. उलट भूक वाढायची.

पंधरवड्याने केंद्रात एक कुत्री आली. काळी, ठेंगणी, मिरी नावाची. तिच्याबरोबर पोलिसातून निवृत्त झालेला एक श्वानशिक्षक होता, मिशाळ आणि कमी बोलणारा. लागलेल्या झाडाचा वास मिरीला शिकवायचा होता आणि त्यासाठी नमुने नाकशास्त्रीनेच तयार करायचे, असा डॉक्टरांचा हुकूम होता.

“आपल्याच जागेवर आलेल्या माणसाला काम शिकवायचं म्हणजे भारीच,” ती करवतवाल्याला म्हणाली.

“माणूस कुठंय वहिनी, कुत्री आहे.”

“तेच तर.”

तिला मिरीचा मत्सर वाटला. कुत्री सालीवरून नाक फिरवून शेपटी हलवायची तेव्हा तिला ते ओलं काळं नाक उपटून घ्यावंसं वाटे. पण मिरी तिच्याच मागे मागे असायची. नाकशास्त्रीच्या तळव्यांत पंचवीस वर्षांची राळ मुरलेली होती, ती चाटत बसायची. श्वानशिक्षक म्हणाला, “हिला तुमच्या हातात काय दिसतं कोण जाणे.”

“दिसत नाही हो, वास येतो,” नाकशास्त्री म्हणाली आणि हात तसाच राहू दिला.

महिन्याभरात मिरी लागलेल्या झाडापाशी टुणकन बसायला शिकली. ती जिथे बसायची तिथे फीत बांधायची. अशा एकतीस झाडांतली एकोणतीस आतून लागलेली निघाली. ओढ्याच्या पलीकडे रोग गेला नाही आणि ती चारशे झाडं उभी राहिली.

मग एक दिवस मिरी त्या मेलेल्या साठ झाडांच्या मधोमध उभ्या असलेल्या एकुलत्या एक हिरव्या झाडापाशी बसली. बुटकंच होतं ते, शेजाऱ्यांच्या खांद्यालाही न लागणारं. डॉक्टरांनी फीत बांधायला सांगितली.

“थांबा मॅडम,” नाकशास्त्री म्हणाली. बऱ्याच दिवसांत तिचा आवाज असा निघाला नव्हता. ती गुडघ्यांवर बसली होती. “ही भोकं बघा.”

सालीवर राळेच्या छोट्या पांढऱ्या नळकांड्या वाळून कडक झाल्या होत्या. तिने नखाने एक फोडली. आत भुंगेरा होता, मेलेला. दुसरी फोडली, तिसरी फोडली. ती मोजत गेली. एक्केचाळीस नळकांड्यांत एक्केचाळीस मेलेले भुंगेरे.

डॉक्टरांनी पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढली. तीन ठिकाणी बुरशी आत शिरली होती आणि तीनही ठिकाणी झाडाने तिच्याभोवती काळपट कडं उभं केलं होतं. “विषाची भिंत,” डॉक्टर म्हणाल्या. “बुरशीला या कड्याबाहेर पाऊल टाकता आलेलं नाही.” मग त्यांनी वर्षांच्या रेघा मोजल्या. इतक्या बारीक आणि दाट की त्यांना भिंग लागलं. “म्हणून बुटकं राहिलं. शेजारचे उंच होत होते तेव्हा हे राळ साठवत होतं. जन्मभर वाढीच्या तोंडचं काढून संरक्षणावर घातलंय याने.”

“वास तर लागलेल्याचाच येणार,” श्वानशिक्षक म्हणाला. “मिरीचं काही चुकलं नाही.”

“मिरीचं नाही चुकलं,” नाकशास्त्री म्हणाली. “फक्त झाड जिंकलंय, ते तिला कळत नाही.”

त्या झाडाला फीत बांधली नाही. करवतवाला वर चढला आणि त्याने दोन पिशव्या भरून शंकू उतरवले. डॉक्टरांनी बियांच्या पाकिटांवर नंबर घालायचं काम नाकशास्त्रीला दिलं. मागच्या गोष्टीबद्दल त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत, पण नवीन नोंदवहीत झाड शोधणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी तिचं पूर्ण नाव लिहिलं.

वास परत आला तो पुढच्या थंडीत. ती नळी भरत होती आणि एकाएकी नाकात काहीतरी शिरलं. इतक्या दिवसांनी! तिने भराभर श्वास घेतला, आणि तोंड फिरवून ओकली. राळेला जळक्या टायरचा वास येत होता.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं. तुटलेल्या तारा जुळताना चुकीच्या जुळतात. कांद्याला फिनेल, साबणाला सडकं पाणी, राळेला टायर. वर्ष-दोन वर्षांत सुधारेल किंवा नाही सुधारणार.

त्या रविवारी सासूबाईंनी पिशवी काढली. “आज तू घे. येतोय ना आता?”

“नको आई.”

“अगं, थोडा तरी.”

“टायरचा आला तर? एकदा तसा आला की माझ्या डोक्यात तोच बसेल. बावीस वर्षांचं पुसलं जाईल.” तिने पिशवी परत त्यांच्या हातात दिली. “मी थांबेन. तुम्ही सांगा, मी ऐकते.”

सासूबाईंनी वास घेतला आणि सांगितलं. कॉलरपाशी आता अगदीच जरासा उरलाय, हे त्यांनी सांगितलं नाही. पण सुनेने त्यांचा चेहरा बघितला होता.

ती कामावर जात राहिली. जंगलभर टायर जळत असल्यासारखा वास असे आणि ती त्यातून दिवसभर हिंडे. करवतवाल्याने विचारलं, “वहिनी, नाकाला फडकं का नाही बांधत?”

“बांधलं तर तो सुधारलेला कसा कळेल, भावजी?”

वसंतात रोपवाटिकेत त्या बुटक्या झाडाच्या बिया रुजल्या. दोनशेपैकी एकशे सेहेचाळीस. बोटभर रोपं, वर हिरव्या सुयांची चवरी. दर शनिवारी पाणी घालून झालं की नाकशास्त्री एका रोपाची एक सुई तोडते, बोटांत चुरडते आणि नाकाशी नेते. घरी गेल्यावर सासूबाई विचारतात, “आज कसला?”

“टायरचाच.”

कधी ती म्हणते, “टायरचाच, पण जरा लांबून.” मग दोघी जेवायला बसतात.

मागच्या शनिवारी तिने सुई चुरडली आणि अर्ध्या श्वासापुरतं काहीतरी धारदार येऊन गेलं. तिने लगेच दुसरी तोडली. टायर. तिसरी तोडली. टायर. चौथी तोडायला हात गेला, पण ते रोप तिच्या बोटांत बिचारं अगदी उघडंबोडकं दिसायला लागलं होतं. तिने हात मागे घेतला, झारी उचलली आणि पुढच्या वाफ्याकडे गेली.